लेचुसाला ‘दुष्ट पक्षिणी’ म्हणून भागत नाही

आमच्या वाचनालयाने मुलांच्या भयकथांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा निम्म्या वर्गाने नदीकाठी रडणारी बाई लिहायला घेतली आणि उरलेल्यांनी बकऱ्यांचं रक्त पिणारा चुपाकाब्रा. मी लेचुसा घेतली, कारण ती आमच्या घरचीच. धड घुबडाचं, तोंड म्हातारीचं. माझे पप्पा तान्हे असताना, तापाने फणफणलेले असताना, ती आमच्या छपरावर येऊन बसली आणि बाळासारखी रडायला लागली. आजी अंगणात गेली आणि वर बघून तिने अशा काही शिव्या हासडल्या, की लेचुसा मेस्कीटच्या झाडावर आपटून पळाली. सकाळी ताप उतरला.

ही गोष्ट एउलालिया आत्याने मला शंभरदा सांगितली आहे, शिव्या गाळून. आत्या चर्चमध्ये जपमाळ ओढते. तिच्या तोंडून कधी ‘मेल्या’सुद्धा ऐकलेलं नाही.

बाल्देरास सर पुस्तकासाठी गोष्टी जमवत होते. त्यांना गोष्ट आवडली.

“फक्त ती शिवी काढ, नेरेइदा. मुलांचं पुस्तक आहे.”

“सर, शिवीच तर गोष्ट आहे!”

“नियम म्हणजे नियम. ‘चालती हो, दुष्ट पक्षिणी’ असं लिही. भावना पोचते.”

सर वर उत्तरेतल्या डलास शहरातून आलेले. तिकडच्या लेचुसा बहुतेक फार हळव्या असाव्यात.

घरी आत्या तमाले गुंडाळून वाफवायला मक्याची पानं पुसत बसली होती. मी नवी ओळ वाचून दाखवली.

“दुष्ट पक्षिणी?” आत्या पान खाली ठेवून म्हणाली. “अगं, एवढ्याने आपली कोंबडी खुराड्यात जात नाही.”

“मग काय करू? शिवी लिहिली तर गोष्ट पुस्तकाबाहेर.”

“आणि नाही लिहिलीस तर ती छपरावरच बसून राहिली. म्हणजे तुझा बाप मेला. मग तू कुठून आलीस गं, पोरी?”

मला ती गोष्ट पुस्तकात हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पप्पा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने लांब असतात. त्यांच्या आईने त्यांना कसं वाचवलं, हे छापलेलं त्यांच्या हातात द्यायचं होतं. पण खोटं छापलेलं नको होतं.

“आत्या, आजी नेमकं काय म्हणाली होती?”

आत्याने छातीवर क्रूस काढला. “ते शब्द मी तोंडात घेणार नाही. पानं पूस.”

पुस्तक छापायला जाण्याआधी, शनिवारी दुपारी वाचनालयात सगळ्यांनी आपापली गोष्ट वाचायची होती. पहिल्या रांगेत फादर अन्सेल्मो गोड पाव खात बसले होते, शेजारी आत्या. माझा कागद सरांनी आधीच तपासला होता. “एकही शिवी नाही, शाब्बास,” म्हणाले होते.

मी वाचत वाचत तिथवर आले. “आजी अंगणात आली. तिने वर पाहिलं, छातीभर श्वास घेतला आणि ती म्हणाली...”

आणि मी थांबले. कागदावर पुढची ओळ मी कोरी सोडली होती.

नेमकं तेव्हाच छपराच्या पत्र्यावर काहीतरी खरवडलं. कबुतर असणार, भर दुपारी दुसरं काय असणार! पण आमच्या खोऱ्यात असल्या बाबतीत कुणी उगाच जोखीम घेत नाही.

आत्या ताडकन उठली. छताकडे तोंड करून तिने जे सुरू केलं, ते मी इथेही लिहू शकत नाही. त्यात लेचुसाची आई होती, आईची चोच होती आणि एक गाढव होतं. मग मागच्या रांगेतल्या बायका उठल्या, मग न्हावी, मग सगळेच. इतका रंगलेला कार्यक्रम वाचनालयाने कधी पाहिला नसेल.

“अहो, नियम... मुलं आहेत!” सर माझा कागद हलवत ओरडत होते. पण कागद तर स्वच्छ होता.

फादरांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी मान तिरकी करून छपराचा कानोसा घेतला.

“एउलालिया,” ते म्हणाले, “जरा अजून मोठ्याने. गेलेली नाही.”

गोष्ट कोऱ्या ओळीसकट छापली गेली. मी पुस्तक पप्पांना धाडलं. त्यांनी ट्रक कडेला लावून फोनवर मला गोष्ट वाचून दाखवली. कोरी ओळ आली. पप्पा थांबलेच नाहीत. आत्याचीच शिवी, अक्षर न्‌ अक्षर, गाढवासकट.

“पप्पा, तुम्ही तर तेव्हा तान्हे होतात! तुम्हाला कसं ठाऊक?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“अगं,” पप्पा म्हणाले, “शाळेसाठी रोज हेच म्हणून उठवायची आई मला.”