ती मान मी बिघडवली

मी पट्टा बोलतोय. अडीच हात लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला पितळी बकल, दुसऱ्या टोकाला कडी. तबेल्याशेजारच्या खोलीत, जिथे जिनं आणि लगाम टांगतात, तिथे तिसऱ्या खुंटीवर माझी जागा आहे. आधीच सांगून टाकतो, मी निर्दोष नाही. पण या प्रकरणात माझी साक्ष कोणी घेतली नाही, म्हणून स्वतःहून देतोय.

मला शिवलं ते एका म्हाताऱ्या कारागिराने. दुहेरी चामडं, मेण लावलेला दोरा, टाके मोजून घ्यावेत असे. गिऱ्हाईक होता एक चाबूकस्वार, म्हणजे कोवळ्या घोड्यांना चाल शिकवणारा माणूस. माझं काम साधं होतं. कडी घोड्याच्या पोटपट्ट्याला अडकवायची, मला पुढच्या दोन पायांमधून वर घ्यायचं आणि बकल म्होरकीच्या नाकपट्टीला लावायचं. घोड्याने डोकं फार वर फेकलं की मी ताणला जायचो, खाली आणलं की सैल पडायचो.

"चालत्या घोड्याला बांध," कारागीर म्हणाला, "उभ्याला नको."

"मला शिकवता होय, काका?" चाबूकस्वार हसला.

"तुला नाही रे. तुझ्यानंतर हा ज्याच्या हातात पडेल त्याला सांगतोय."

चाबूकस्वाराने मला अकरा वर्षं वापरलं. रोज दहा मिनिटं, वर्तुळात दौडताना, तेही सैल. मग त्याचे गुडघे गेले आणि त्याचं सगळं सामान एका पैदासवाल्याने उचलून नेलं. त्याला सगळे मालक म्हणतात, मीही तेच म्हणतो. कारागिराचं वाक्य मात्र सामानाबरोबर आलं नाही.

मालकाकडे एक घोडी होती, थोरली. शांत, रुंद छातीची, मुलांना जन्म देऊन त्यांना पायावर उभं करणारी. तिचा जीव होता तो मोतद्दारावर. हा मोतद्दार चोवीस वर्षं तिथेच खरारा करतोय, चारा घालतोय, तबेल्याच्या माळ्यावरच्या खोलीत राहतोय. त्याला सगळे मामा म्हणतात.

दर वर्षी परीक्षक येतात. दोन वर्षांची शिंगरं अंगणात उभी करतात, पाय पाहतात, पाठ पाहतात, पण सगळ्यात जास्त वेळ मानेवर घालवतात. मान खांद्यातून उंचावर निघते की खाली, गळ्याशी सुटी आहे की जाड, वरची रेघ भरलेली आहे की खालची. खालची रेघ फुगलेली आणि वरची खचलेली असेल तर तिला उलटी मान म्हणतात. तसा घोडा डोकं वर करून पळतो, पाठ ताठ ठेवतो, स्वाराच्या हाताला येत नाही. उलटी मान जन्माची ठरली तर शिंगराचं नाव वंशाच्या वहीत चढत नाही. एकाच घोडीच्या दोन शिंगरांत हा दोष निघाला तर घोडीचंही नाव खोडतात, आणि नाव खोडलेली घोडी पैदासवाल्याच्या दावणीला राहत नाही.

थोरलीचा एक मुलगा गेल्याच्या गेल्या वर्षी नापास झाला होता. उलटी मान. आता तिची दोन वर्षांची मुलगी, तांबडी, परीक्षेला उभी राहणार होती.

मालकाने तांबडीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मान बारीक, खाली झुकलेली.

"मालक, अजून वाढतंय ते," मामा म्हणाला. "आधी मागचा भाग वर येतो, मग पुढचा. आत्ता मान खाली दिसणारच. वर्षभर थांबा."

"थांबायला परीक्षक काय माझे मेहुणे लागतात? मला मोरासारखी मान पाहिजे. तो पट्टा काढ."

"भावाला बांधला होता तोच?"

"त्याला कमी बांधला. तिथेच चुकलं."

माणसांची ही सवय मी जवळून पाहिली आहे. औषधाने रोगी खंगला की त्यांना वाटतं, डोस कमी पडला.

सहा आठवडे. रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, तांबडी ठाणावर उभी आणि मी घट्ट. बाहेरून फार सुंदर दिसायचं. हनुवटी छातीकडे, मानेला कमान. मालक पाहुण्यांना बोलावून दाखवायचा. पण मी दुसऱ्या बाजूला होतो, मला खरं काय ते लागत होतं. उभ्या घोड्याला पुढे जाता येत नाही, म्हणून तो सैल पडत नाही. तो वर ढकलतो. तांबडी दिवसाचे चार तास मानेच्या खालच्या स्नायूंनी मला वर ढकलत होती. ते स्नायू दगडासारखे होत गेले. वरचे, कामच न मिळाल्याने, आटले. तिच्या भावाच्या वेळी अगदी हेच झालं होतं. आई एक होती हे खरं, पण पट्टाही एकच होता.

मामा मला सोडताना तिची मान चोळायचा. "आई गं, किती कडक झालीय," एवढंच पुटपुटायचा. एकदा त्याने मला दोन भोकं सैल लावलं. मालकाने पाहिलं. "मामा, माळ्यावरची खोली हवेशीर आहे ना? तिथेच राहायचंय ना?" दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा घट्ट.

परीक्षेच्या सकाळी मला बांधलं नाही, खुंटीवरच ठेवलं. खिडकीतून अंगण दिसतं. परीक्षकबाई पन्नाशीच्या, चिखलाचे बूट, कामाची नजर. तांबडी मोकळी उभी राहिली आणि मोकळं होताच तिने डोकं आकाशाकडे नेलं. कमान कुठेच नव्हती. गळ्याखाली फुगीर दांडा, वर खड्डा.

बाईंनी तो दांडा बोटांनी दाबून पाहिला. "हिला काही बांधत होता का?"

"छे हो," मालक म्हणाला. "दिवसभर मोकळी असते."

बाई मामाकडे वळल्या. "मामा, तुम्ही सांगा."

मालक मामाच्या शेजारी उभा होता, खांद्याला खांदा लावून. मामाने तांबडीच्या खुरांकडे पाहिलं.

"मोकळीच असते," तो म्हणाला.

मग कागद लिहायला बाई माझ्या खोलीत आल्या, मागोमाग मालक. त्यांनी टोपी खुंटीवर अडकवली, माझ्याच. हात मला लागला. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं. माझ्या बकलात तांबडे केस अडकले होते, आदल्या संध्याकाळचे. चामडं घामाने अजून ओलसर होतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कोणी पाहिलं नव्हतं. वाटलं, सुटली.

"हा कशाचा?"

"जुना आहे. चाबूकस्वाराची आठवण म्हणून ठेवलाय."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुढचा तबेला, अकरा वाजता. त्यांनी मला परत टांगलं आणि लिहिलं. मला वाचता येत नाही, पण त्या लिहिताना बोलतात. "मान उलटी. जन्मजात. आधीच्या शिंगरातही. दोष आईकडून."

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना कळलं होतं, असं मी छातीठोक सांगतो. ओलं चामडं आठवण म्हणून कोणी ठेवत नाही. पण एक प्रश्न आणखी विचारायचा तर अर्धा तास जाणार होता, भांडण होणार होतं, आणि साक्षीदाराने तर आधीच नाही म्हटलं होतं. जगातले बरेचसे निकाल असेच लागतात. खोटं बोलणारा एक असतो, आणि घाई सगळ्यांना असते.

तांबडीला भाड्याने घोडे फिरवणारा एक जण घेऊन गेला. थोरलीसाठी दुसरा आला. त्याने तिची मान पाहिली नाही, पाय पाहिले नाहीत, दात पाहिले नाहीत. त्याने फक्त वजन विचारलं. मामाने तिला गाडीत चढवलं, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताने ती चढेना.

सात-आठ महिन्यांनी मामा कुठूनसा परत आला आणि मालकाला म्हणाला, "तांबडी दिसली. मोकळ्या रानात चरते. मान भरलीय, वरून. गळ्याखालचं सगळं गेलं. फार देखणी झालीय."

"बघ," मालक म्हणाला, "म्हणजे ते परीक्षकच आंधळे."

थोरली कुठे गेली हे दोघांनाही माहीत होतं.

आता दावणीला नवी घोडी आहे आणि तिचं काळं शिंगरू. मान बारीक, खाली झुकलेली, त्या वयात असते तशी. आज दुपारी मामाने मला तेल लावलं. उद्या सकाळी सातला मला बांधायचं ठरलं आहे.

त्यांच्यापुढे बोलायला मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. परीक्षेला येणारं तुमच्यापैकी कोणी असेल, तर मामाला प्रश्न मालकासमोर विचारू नका. त्याला एकट्याला तबेल्यामागच्या विहिरीपाशी न्या, आणि थांबा. तो लगेच बोलणार नाही. तरी थांबा. आणि त्याच्या आधी कोणी या खोलीत आलंच, तर तिसऱ्या खुंटीवर मी आहे, खाली कोनाड्यात चारा कापायची सुरी आहे. चामडं जुनं आहे. फार जोर लागणार नाही.