उसोगवरचा अंगठा

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या रेडिओवर दर शनिवारी मी लोकांचे गैरसमज दूर करतो. लोक आवडीनं ऐकतात आणि गैरसमज होते तिथेच जपून ठेवतात. खरोखर दूर गेली ती एकटी माझी थोरली बहीण, मानांग कोरिंग.

पाहुण्यानं कौतुक केलं की बाळाला ‘उसोग’ बाधतो, या समजुतीवर मी एक कार्यक्रम केला होता. उत्तम झाला. तेव्हापासून तिच्याकडचा रविवारचा रस्सा बंद: तूर, फणस, डुकराचं मटण. मी तोच रस्सा खानावळीत खातो. खानावळवाल्याचा काही दोष नाही.

यंदा तिच्या गल्लीत गोवर आला. तिची नात वर्षाचीही नाही. पोरीची आई कतारला, म्हणजे लशीचं होय-नाही मानांगच्या हातात. आणि टीव्हीवर लशीला दोष देत रडणारी एक बाई बघितल्यापासून मानांगनं समस्त सुयांशी संबंध तोडले होते.

मी गेलो. पिशवीत खाली आलेख, वर बिस्किटं.

“या, रेडिओ,” मानांग म्हणाली. पूर्वी ‘टोटो’ म्हणायची.

बाळ तिच्या मांडीवर होतं. “काय गोड आहे गं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

 अशा वेळी पाहुण्यानं थुंकीनं अंगठा ओला करून बाळाच्या पोटाला लावायचा असतो. मानांग ते मागणार नव्हती. नुसतं झबलं गच्च धरून बसली. डोळ्यांत सरळ भीती होती.

थुंकीतल्या जंतूंवर माझा स्वतंत्र कार्यक्रम आहे. मी अंगठा जिभेला लावला.

तिनं झबलं वर केलं.

“प्वेरा उसोग,” म्हणजे ‘उसोग, दूर हो’, असं मी म्हणालो आणि अंगठा टेकवला.

“खरं वाटतं तुला हे?”

“नाही, मानांग.”

“मग लावलंस कशाला?”

“तू घाबरली होतीस.”

बराच वेळ ती बाळाच्या पोटावरून हात फिरवत राहिली.

“त्या गोवराच्या सुईनं ताप येतो म्हणे.”

“येतो काहींना. उतरतो. गोवर झाला तर मात्र काय होईल, मला सांगता यायचं नाही.”

“इतकंच? भाषण नाही?”

“पिशवीत आहे.”

“राहू दे तिथंच.” ती हसली नाही, पण हसण्याच्या आसपास येऊन गेली. “दवाखान्यात बुधवारी देतात ना? ये मग. पोरीला तूच धर, मला बघवायचं नाही, टोटो.”

बिस्किटं तिनं ठेवून घेतली. रविवारचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. चपला घालताना स्वयंपाकघराकडे मात्र एकदा बघून घेतलं.