तिसरा जग

सकाळचे अकरा वाजले की मोठ्या सिस्टर वॉर्डातला चार लिटरचा जग भरायला घेत. आतड्याचं ऑपरेशन म्हटलं की आदल्या दिवशी खारट औषध पाजायचं आणि निव्वळ पाणी पडेपर्यंत जुलाब होऊ द्यायचे. बावीस वर्षं हाच रिवाज. कशासाठी, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवर आजी होत्या, जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेल्या, अगदी काटकुळ्या. त्यांनी आठवड्यात दोनदा हा जग संपवला होता. दोन्ही वेळा त्यांना उपाशी ठेवलं आणि दोन्ही वेळा दुपारी निरोप आला, 'आज जमत नाही, पुढच्या यादीत घेऊ.' नवी तारीख म्हणजे नवा जग. आज तिसरा!

"अहो बाई, आता पोटात राहिलंय काय? दोनदा धुतलंत की!" आजी म्हणाल्या.

"नखरे नकोत. मुकाट्यानं प्या बघू."

"सिस्टर, उठलं की त्यांना चक्कर येते हो. जीभ बघा, कशी कोरडी पडलीय," सून गयावया करत होती.

मोठे डॉक्टर फेरीला आले, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी धीर केला. "सर, नुसत्या जुलाबानं ऑपरेशनची जखम पिकायची टळते, असं अभ्यासात दिसलेलं नाही. आणि यांना तर लघवीसुद्धा होत नाहीये. निदान यांना तरी नको."

मोठे डॉक्टर हसले. "काल आलीस आणि मला शिकवतेस? माझ्या गुरुजींनी जन्मभर असंच केलं."

संपलं! सिस्टरनी आजींची हनुवटी धरली आणि पेला तोंडाला लावला. कागदावर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके केले. त्या दिवशी स्वतःचे कपडे त्यांना चार वेळा खराब करावे लागले. "सूनबाई, तू तिकडे बघ गं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. पाचव्यांदा उठल्या आणि संडासाच्या दारातच कोसळल्या. दुपारी तीनला गेल्या.

"वय झालं होतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोटाची तयारी मात्र छान झाली होती."

सुनेनं हे ऐकलं. सिस्टरनीही ऐकलं आणि आपल्याच अक्षरातली ती सकाळची ओळ पुन्हा वाचली. त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सात नंबरवर नवा रुग्ण आला. मोठे डॉक्टर पुढे जाता जाता म्हणाले, "सिस्टर, जग."

सिस्टरनी रिकामा जग त्यांच्या हातात दिला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"बावीस वर्षं लागलं होतं, सर. पोटात राहिलंय काय, असं आजींनी मला विचारलं होतं. तेव्हाच मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. या माणसाला हे कशासाठी पाजायचं, ते तुमच्या अक्षरात या कागदावर लिहा."