माझ्या डोक्यावरची जागा

आरशात मला माझा भांग तेवढा दिसला आणि त्याच्यावर रिकामी लाकडी भिंत. टाचा उंच केल्या तेव्हा कुठे भुवया आल्या. "हा आरसा काय जिराफासाठी टांगलाय का रे?" मी आतून ओरडले. बाहेर सुतारबुवा गाडीतून सामान काढत होता. त्याला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल.

सुतारबुवा म्हणजे माझा नवरा. तो सुतार, मी शिंपीण. तो मला शिंपीणबाई म्हणतो, मी त्याला सुतारबुवा. चिडले की मात्र मी त्याला 'अहो' म्हणते, आणि मग त्यानं समजून जायचं. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. तो पन्नाशीचा विधुर आणि मी अशी घोडनवरी की जिनं गावभरच्या नवऱ्यामुलींचे कपडे शिवले आणि स्वतःचं राहूनच गेलं.

"दोन दिवस जाऊन येऊ," तो म्हणाला होता. "तळ्याकाठी माझी एक खोली आहे. मीच बांधलेली. आजूबाजूला चिटपाखरू नाही." मी एवढी लाजले की सुई बोटात गेली.

वहिनीला सांगितलं तर तिनं आधी यथेच्छ चिडवून घेतलं. "या वयात हनीमून! मज्जा आहे बाई एकेकीची!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मशीन मात्र राहू दे हो इथेच. नीट बघून ये माणसाला, मग ने."

माझं शिलाई मशीन अजून भावाच्या घरी खिडकीपाशीच होतं. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायची, वेळच मिळाला नाही न्यायला. वेळेचं सोंग हो सगळं. मशीन उचललं की परतीचं दार लागलं, हे मला पक्कं माहीत होतं. माणूस तर सोन्यासारखा होता. सकाळचा चहा तोच करायचा, वर त्याचं कौतुकही करवून घ्यायचा नाही. एकच गोष्ट खटकायची. बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघायचाच नाही. जरासा वर, केसांच्या वर बघायचा. मी म्हणायची लाजरा आहे. वहिनी म्हणायची, "मनात काहीतरी आहे." तर ते काय आहे ते या दोन दिवसांत कळलं की मशीन न्यायचं का ठेवायचं, ते मी ठरवणार होते.

खोली खरंच देखणी होती. सगळं लाकूड, एक खिळा वाकडा नाही. खिडकीतून तळं दिसायचं आणि पलीकडे नुसती झाडं. पण मी चहा करायला त्याच्या चार पायांच्या लाकडी ओट्यापाशी गेले आणि ओटा माझ्या छातीशी आला. कांदा चिरायला घेतला तर हात खांद्यापासून वर धरावे लागले. कोट टांगायला गेले तर खुंटीला बोटंसुद्धा लागेनात. खुर्चीत बसले तर पाय लोंबकळले, लहान मुलीसारखे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथलं अंथरूण पाहून मला स्वतःलाच ताणून घ्यावं लागलं असतं.

"सुतारबुवा, तुमच्या गावात टेप मिळत नाही वाटतं!" मी म्हणाले.

तो हसला. टेप तो वापरतच नाही, ही त्याची ख्याती. सगळं स्वतःच्या अंगावर मोजतो. वीत, बोटं, छातीचं हाड, पट्ट्याचं बक्कल. ज्या माणसासाठी वस्तू करायची त्याला समोर उभं करतो, त्याचं कोपर, खांदा आपल्या अंगावर कुठे येतो ते हाताने धरतो आणि तेवढ्यावर करवत चालवतो. टेप चुकेल, सुतारबुवा चुकणार नाही, असं लोक म्हणतात. मग हे एवढं सगळं एकदम कसं चुकेल?

आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुकलं नव्हतंच काही.

आमच्या धंद्यात माणूस दिसायची गरज नसते. कोणी नुसती मापं धाडतं आणि मी अख्खा झगा बेतून देते. मापं हातात आली की बाई आपोआप समोर उभी राहते. चांगली उंच की बुटकी, कुठल्या खांद्यात झुकलेली, सगळं. त्या संध्याकाळी मी चहाचा कप हातात घेऊन त्या खोलीत फिरले आणि ती उभी राहत गेली. ओट्यावरून तिचं कोपर कळलं. खुंटीवरून तिचा हात कळला. खुर्चीवरून गुडघा, आरशावरून तोंड. लांब हातांची, लांब मानेची, माझ्याहून चांगली वीतभर उंच. आत्ता कोणी कापड दिलं असतं तर मी तिथल्या तिथे तिचा कोट कापून दिला असता. त्याच्या पहिल्या बायकोचा फोटो मी कधी पाहिला नव्हता. त्यानं दाखवला नव्हता आणि मीही तोंड उघडून मागितला नव्हता. आता मागायची गरजच उरली नाही. 

"ही खोली कोणासाठी बांधलीत हो?" मी विचारलं.

ते 'बांधलीत हो' ऐकून त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "तिच्यासाठी," तो म्हणाला. "शेवटचा उन्हाळा ती इथेच होती. तिला तळं आवडायचं."

"आणि मला इथे आणलंत?"

"मला वाटलं... सुंदर जागा आहे. दुसरी सुंदर जागा मला माहीत नाही."

कपाळ माझं! खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.  कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी उठले तर कोट वरच्या खुंटीवर होता. नीट, कॉलर सरळ करून टांगलेला.

"तू टांगलास?" मी विचारलं.

"नाही. तूच टांगला असशील की."

"मी? उडी मारून?"

तो गोंधळून खुंटीकडे बघत राहिला. खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातानं टांगला होता, त्याला खबर नव्हती. मला माझ्याच कोटाला हात लावावासा वाटेना. तो खुंटीवरून असा लोंबत होता की आत कोणीतरी आहे आणि ते कोणीतरी माझ्यापेक्षा उंच आहे.

तोंड धुऊन मी आरशासमोर उभी राहिले. मुद्दाम टाचा उंच केल्या नाहीत. आरशात माझा भांग आणि भांगावर ती रिकामी भिंत. मागून तो आला. त्याचा चेहरा आरशात वरच्या कडेशी आला. "चहा ठेवलाय," तो हसून म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचे डोळे आरशात माझ्या भांगाच्या वर, त्या मोकळ्या भिंतीवर जाऊन थांबले. तिथेच, जिथे आरशाच्या मापानं तिचं तोंड यायला हवं होतं. इतके मायेनं थांबले की मी मागे वळून पाहिलं.

मागे तोच होता, दुसरं कोणी नव्हतं. 

तीन महिने! तीन महिने मी ज्याला लाज समजत होते ते हे होतं. स्वयंपाकघरात, रस्त्यात, रात्री दिवा मालवताना, तो माझ्याशी बोलत होता आणि बघत होता तिच्याकडे. कानामागून आली आणि तिखट झाली असं सवतीला म्हणतात. इथे मागून आलेली मी, आणि तिखट सोडा, मी दिसतच नव्हते.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले. "भावाच्या."

मग मी भडाभडा सगळं बोलले. आरसा, खुंटी, ओटा, त्याचे डोळे, काही म्हणता काही ठेवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नव्हे. रडत रडत बोलले. तो उभ्या उभ्या ऐकत होता आणि त्याचं तोंड पांढरं पडत चाललं होतं.

"तसं नाहीये," एवढंच तो म्हणाला. मग बाहेर जाऊन करवत घेऊन आला. "ओटा खाली करतो. तुझ्या मापाचा. आत्ता. इकडे ये, उभी राहा."

माझ्या गळ्यात टेप होती, ती मी पुढे केली. "टेप नको," तो म्हणाला. त्यानं मला समोर उभं केलं, माझा हात कोपरात वाकवला, कोपराखाली आपला तळवा धरला आणि तो तळवा सरळ आपल्या अंगावर नेला. पट्ट्याच्या बकलावर. "हे बघ, इथे येतेस तू," तो म्हणाला. मला बरं वाटलं. खरं सांगते, डोळे पुसता पुसता बरं वाटलं.

मग तो वळला, तळवा तसाच अंगाला धरून चार पावलं ओट्याकडे गेला आणि पेन्सिलीनं पायावर खूण केली. ओटा आडवा पाडला, चारही पाय कापले, पुन्हा उभा केला. घामानं निथळत होता. "ये," म्हणाला.

मी गेले. ओटा माझ्या छातीशी आला.

जमिनीवर पडलेले तुकडे मी उचलले. बिस्किटासारखे पातळ होते. वीतभर कापायचं तिथे त्यानं नखभर कापलं होतं. त्या चार पावलांत त्याचा तळवा त्याच्याच अंगावरून वर सरकला होता, बकलावरून बरगडीवर, तिच्या जागी. माझ्या डोळ्यांदेखत सरकला असणार, आणि मलाही दिसला नाही.

तो ओट्याकडे बघत होता. मग त्यानं आपला तळवा पाहिला. "मी बरोबर धरलं होतं," तो म्हणाला. "माझं कधी चुकत नाही." आणि त्याची करवत हातातून गळून पडली. भ्यालेला माणूस मी पाहिलाय, पण आपल्याच हाताला भ्यालेला माणूस पहिल्यांदाच पाहिला.

मला त्याची इतकी दया आली की राग कुठल्या कुठे गेला. मी पुढे झाले आणि त्याला मिठी मारली. त्यानंही मारली, घट्ट. माझा गाल त्याच्या छातीवर, हुंदक्यानं त्याची छाती हलत होती. आणि तेव्हा मला कळलं की त्याची हनुवटी माझ्या डोक्याला लागत नाहीये. इतक्या जवळ, तरी लागत नाहीये. मी डोळे वर केले. मान जराशी उचललेली, डोळे मिटलेले, आणि हनुवटी हवेत टेकलेली. होय, टेकलेली. माणूस कशावर तरी डोकं टेकतो तशी सैल, निवांत. खाली मात्र काही नव्हतं. माझ्या केसांवर काहीतरी गार गार होतं आणि मी हलले नाही.

तीन महिने तो मला असाच धरत होता. मला वाटायचं उंच माणूस आहे, असंच असतं.

ओट्याशी माझ्यासाठी एक स्टूल त्यानं कालच ठेवलं होतं. पायानं ओढलं असतं, वर चढले असते, तर माझं डोकं बरोबर तिथे आलं असतं. त्याला काही कळलंही नसतं. संसार सुखाचा झाला असता, आणि जन्मभर मी स्टुलावर उभी राहिले असते.

मी स्टूल पायानं लांब सारलं.

"अरे, वाक," मी म्हणाले. 'अहो' नाही म्हणाले. "मी इथे खाली आहे. वाक जरा."

तो वाकेना. त्याची मान थरथरत होती, जशी पाठीवर ओझं असलेल्या माणसाची थरथरते. मग मी डोळे मिटले आणि जिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण जिचं माप न् माप मला पाठ होतं, तिला म्हणाले, "बाई गं, उन्हाळा संपला. सोड आता त्याला."

खिडकीबाहेर तळं शांत होतं. लाकूड कुठेतरी करकरलं. आणि त्याची हनुवटी खाली यायला लागली. हळूहळू, थांबत थांबत, कोणीतरी तिच्याखालून जपून बाजूला होत असावं तशी. माझ्या भांगाला लागली, मग पूर्ण टेकली. जड होती. माझी मान दुखायला लागली तरी मी हलले नाही. वरून पाणी केसांत उतरत होतं आणि तो विचारत होता, "तू एवढीशी आहेस?"

"एवढीशीच आहे," मी म्हणाले. "सोमवारी माझं मशीन आणायला चल. आणि येताना टेप विकत घे स्वतःसाठी."