नऊ गाणी आणि एक खोटं भांडण

मित्रांनो, मी एक अल्बम आहे. वय अवघं दोन वर्षं, तरी जुन्यात जमा झालो. माझ्यात नऊ गाणी आहेत. ती शेवटपर्यंत ऐकलेली माणसं फार थोडी.

मला रॅपर भारतने घडवलं. तो सोयगावकडच्या मेंढपाळाचा मुलगा. पंधराव्या वर्षापर्यंत आईबरोबर मेंढरं राखली, मग छत्रपती संभाजीनगरात आला. वीस वर्षं रॅप करता करता केस पिकले. गारखेड्यातल्या एका खोलीत, भिंतींना गाद्या लावून, त्याने मला चार वर्षं रेकॉर्ड केलं. शेजारी कुकरची शिट्टी झाली की गाणं पुन्हा पहिल्यापासून. "ह्यो चालला तर गाईन, नायतर माईक ठेवून देईन," असं त्याने आईला, बानाबाईला, सांगितलं होतं.

मी तयार झालो, तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "भारतभाऊ, मेंढरांची गाणी कोण ऐकणार? अभयशी भांडा. भांडण चाललं की अल्बम चालतो."

अभय हा भारतच्याच हाताखाली शिकलेला, आता गाजलेला रॅपर. भारत कबूल झाला. दोघांनी ठरवून एकमेकांना शिव्या देणारे व्हिडिओ टाकले. "उरलेलं अल्बममध्ये ऐका," असं भारत शेवटी म्हणाला.

पहिल्याच दिवशी दोन लाख लोक माझ्याकडे धावले. मी हरखलो. पण ते शिव्या शोधत होते. माझ्यात पाणवठे होते, थंडीत मेलेली कोकरं होती. कुणी लिहिलं, "काका, शिव्या कुठं ठेवल्या?" कुणी लिहिलं, "क्या मामू, झगडा बोलके बकऱ्यां दिखारे!" आठवड्यानंतर कुणी फिरकेना. पुढे अभयनेच एका कार्यक्रमात हसत हसत सांगून टाकलं की ते भांडण ठरवलेलं होतं.

भारतने लोकांची माफी मागितली. सगळी गाणी फुकट ऐकवण्यासाठी सिडकोत हॉल घेतला, शंभर खुर्च्या मांडल्या. आले फक्त दोघं. एक हॉलचा वॉचमन आणि दुसरी गावाहून आलेली बानाबाई.

"लोकं का आली नाय रं?"

"आधी फसवलं व्हतं त्यांला, आई."

"मग कशाला येतील? पाणी नसताना पाण्याची हाक दिली, तर मेंढरं दुसऱ्या हाकेला मान बी वर करीत नाय. मेंढरं राखलेला तू, येवढं बी इसरला व्हय?"

भारतने गाणी लावली. त्या माउलीने मात्र नऊच्या नऊ गाणी ऐकली. मग म्हणाली, "लई चांगलं केलंस की रं. मग भांडाया कशाला गेला?"

त्यानंतर त्याने गाण्यासाठी माईक उचलला नाही. आता रिक्षावरच्या भोंग्यासाठी तो साड्यांच्या सेलची जाहिरात वाचतो.

मित्रांनो, मी वाईट म्हणून पडलो असतो, तर इतकं लागलं नसतं. चार वर्षं ज्याने मला जपलं, त्याचाच मी तयार झाल्यावर आठ दिवसही माझ्यावर भरवसा राहिला नाही. तुम्ही मनापासून काही कराल, चित्र असो, गाणं असो, तर ते जसं आहे तसंच लोकांपुढे जाऊ द्या. चार माणसं आली तर चार. ती निदान परत तरी येतील.