माझा आकडा खोटा नव्हता

मित्रांनो, जन्मभर सिगारेटी ओढूनही मला कधी ठसका लागला नाही. लागणार कसा? मला छातीच नाही. मी प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र आहे. माझ्या वीस नळ्यांत वीस सिगारेटी खोचत आणि मी मिनिटाला एक झुरका घेई, दोन सेकंदांचा, ना कमी ना जास्त. मग धुरातलं निकोटिन मोजलं जाई. निकोटिन म्हणजे तंबाखूतला तो पदार्थ, जो माणसाला पुन्हा पुन्हा पाकिटाकडे ओढून नेतो.

माझा आकडा पाकिटावर छापत. यंत्राच्या अंगावरही मूठभर मांस चढतं, विश्वास ठेवा.

मला चालवणाऱ्या ताईंचे बाबा सुतार होते आणि रोज एक पाकीट फुंकत. एकदा नवी ‘हलकी’ सिगारेट माझ्याकडे आली. निकोटिन अगदीच कमी भरलं. ताई हरखल्या. “बाबांना आता हीच आणून देते,” त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. मलाही फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी माझं टेबल डुगडुगायला लागलं आणि ताईंनी बाबांनाच बोलावलं. ते दम खात जिना चढून आले. तोंडात न पेटवलेली सिगारेट, ओठांत पार आतपर्यंत धरलेली.

“बाबा, एवढी आत का धरता?”

“खिळे धरतो तशीच गं. हात मोकळे राहतात. आणि तुझी ही हलकी जरा आत धरून जोरात ओढल्याशिवाय लागतच नाही.”

ताईंनी ती सिगारेट मागून घेतली आणि उजेडात धरून निरखली. त्या सिगारेटीला ओठांजवळ बारीक भोकं होती. मी ओढताना त्यांतून स्वच्छ हवा शिरे, धूर पातळ होई, आकडा उतरे. बाबांच्या ओठांखाली ती भोकं बुजत होती.

ताईंनी भोकांवर चिकटपट्टी लावून मला पुन्हा ओढायला लावलं. आकडा तिप्पट आला.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, “यंत्राची चूक नाही. ते नियमाप्रमाणेच ओढतंय.” मित्रांनो, ते ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

पुढे वेगळ्या सिगारेटी आल्या. त्यांच्या तंबाखूतच निकोटिन नावापुरतं होतं. भोकं बुजवा, जोरात ओढा, आकडा काही वर चढेना. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाबांना त्या मिळाल्या. धूर तितकाच वाईट होता, पण तलफ भागेना. आधी ते चिडले, मग अर्धी ओढून टाकू लागले आणि एके दिवशी पाकीट घ्यायचंच विसरले.

ताईंनी ही बातमी आनंदानं सांगितली. बाबा परवा टेबल पाहायला आले, तेव्हा मात्र जिन्यात तीनदा थांबले. वर आल्यावर खुर्चीत बसून सहज म्हणाले, “तू हलकी आणलीस ना, त्याच आठवड्यात मी सोडणार होतो. मग म्हटलं, यंत्र म्हणतंय ना, चालेल.”

ताईंनी माझं बटण बंद केलं. माझ्याकडे तर बोलायला तोंडच नाही, ओढायला वीस आहेत.

मित्रांनो, कुणी कमी धोक्याचा आकडा दाखवला तर एवढंच विचारा: तो माणसाच्या ओठांनी मोजलाय का? आणि सोडायचं मनात आलं असेल, तर माझ्यासारख्याला विचारत बसू नका. त्याच आठवड्यात सोडा.