विझलेल्या दिव्यातला हात

भगवतीला तिचा गेलेला नवरा पुन्हा भेटला तो मालवलेल्या दिव्यात. दिवा पेटलेला असला की तो नसायचा. अंधार झाला की यायचा.

हा दिवा सीतारामाचाच. पितळेचा, साखळीनं टांगायचा, रॉकेलवर चालणारा. मोठ्या सिक्लोनाच्या वादळानं त्यांचं शमें ग्रेनिए गावातलं पत्र्याचं घर उचलून नेलं, तेव्हा तो उसात सापडला, एका बाजूनं चेपलेला. पुढे सिमेंटचं घर उभं राहिलं, सीताराम त्यात जेमतेम एक हिवाळा राहिला, आणि तो गेल्यावर मग गावात वीज आली. मुलगा जयदेव साखरेच्या गिरणीत विजेच्या कामावर होता. घरातली सगळी वायर त्यानं स्वतःच्या हातानं घातली. बायको इंद्राणी दिवसांत असल्यामुळे काम घाईत उरकलं. आईनं हट्ट धरला म्हणून बापाच्या जुन्या दिव्यातूनच तार ओवून त्यानं बल्ब बसवला.

भगवतीची रॉकेलच्या काळातली सवय काही सुटेना. संध्याकाळी अंघोळ झाली की दिवा मालवून त्याचं पितळ पुसायचं. काजळी आता कुठून असणार? पण पुसायचं म्हणजे पुसायचं. एकदा असंच बटण बंद करून, ओल्या पायांनी तिनं दिव्याला हात लावला, तर बोटांपासून मनगटापर्यंत मुंग्या आल्या.

शेवटच्या वर्षात सीतारामाचा हात असाच थरथरायचा. रोज दिवा मालवला की तो अंधारात चाचपत तिच्या मनगटावर हात ठेवायचा आणि विचारायचा, “हायस ना गं?”

“अहो?” भगवती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला लाज वाटण्याइतका आनंद झाला.

दुसरी कुणी असती तर किंचाळत सुटली असती, नाहीतर हळदकुंकू वाहून मोकळी झाली असती. भगवती जन्माची चौकस. अंडं उबायला ठेवलेली कोंबडी उठवून आत काय चाललंय ते बघणारी बाई ती. नवरा झाला म्हणून काय झालं, आलाय तो खरंच तोच आहे का हे नको पाहायला?

तिनं सपाता घालून हात लावला. काही नाही. लाकडी पाटावर उभी राहिली, तरी काही नाही. पाय पुसून कोरडे केले की तो अगदीच नावापुरता येई. देवाला चपला चालत नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण ह्यांना कधीपासून चालेनाशा झाल्या? हा माणूस तर चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात यायचा!

वीज असेल, ही शंका तिलाही आली होती. पण वीज असती तर दिवा पेटलेला असताना लागली असती. इथे सगळं उलटंच. शिवाय एकदा स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना जयदेवानं फ्यूजच काढून खिशात घातला आणि म्हणाला, “आई, आता घरात कुराँ नाय, वीजच नाय. खुशाल हात लाव.” तिनं ओल्या पायांनी दिव्याला लावला. मुंग्या आल्याच. मग मात्र शंकेला जागा उरली नाही. मुलाच्या खिशातला फ्यूज ज्याला अडवू शकत नाही, तो बापच असणार.

गुपित तिनं फक्त इंद्राणीला सांगितलं. इंद्राणीला मुलगी झाली, बारशाचा दिवस आला, आणि भगवतीनं तिला बजावलं, “पोरीला न्हाऊ घातलंस की तशीच घेऊन ये. नाव ठेवायच्या आधी आज्याच्या दिव्याला तिचा हात लावायचा. आज्यानं नात बघायला नको?”

दुपारी वारा सुटला. समोरच्या कुंतीच्या घरातला रेडिओ गाता गाता मधेच गप्प झाला. गावची वीज गेली होती. इंद्राणी न्हाणीत होती. भगवतीला वाटलं, तोवर ह्यांना सांगून ठेवावं. पाय ओले, बटण बंद. तिनं दिव्याला हात लावला.

काही नाही.

“अहो, आज बारसं हाय,” ती म्हणाली. तरी काही नाही. रुसले असतील, म्हणून तिनं पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. पितळ गारठलेलं, मुकं.

तेवढ्यात कुंतीचा रेडिओ पुन्हा गायला लागला, आणि भगवतीच्या मनगटाला मुंग्या आल्या.

ती तिथेच थिजली. फ्यूज काढला तरी येणारा माणूस गावची वीज गेल्यावर का येत नाही? सीताराम तर वीज यायच्या आधीच गेलेला. त्याला गावच्या खांबाशी काय कर्तव्य?

“आई, आणली बघा,” मागून इंद्राणी म्हणाली. टॉवेलमधून बाळाचा ओला, गुलाबी हात बाहेर आला होता आणि इंद्राणी तो कौतुकानं दिव्याकडे नेत होती.

“पा तूसे!” भगवती एवढ्या जोरानं ओरडली की बाळ रडायला लागलं. “हात लावू नको! मागं हो, पोरी, मागं हो!”

जयदेव अंगणातून धावत आला. आईनं सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसलाच. “बटण बंद, फ्यूज काढलेला, आणि कुराँ येतो? कायतरीच!”

“मग लाव की हात. ओल्या पायानं लाव.”

त्यानं हात नाही लावला. गिरणीतला टेस्टर आणला, फ्यूज काढून बाजूला ठेवला आणि टेस्टरचं टोक पितळेला टेकवलं. मुठीतला इवलासा लाल दिवा लागला. जयदेवाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बटण उघडून आतल्या तारा बघितल्या.

“वीज एका तारेनं येते, आई, आणि दुसरीनं परत जाते,” तो म्हणाला. “बटण आणि फ्यूज येणाऱ्या तारेवर पायजेत. मी घाईत दोन्ही जाणाऱ्या तारेवर घातले.”

“आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,” भगवती म्हणाली. थोडा विचार करून तिनं विचारलं, “म्हंजे पाटाच्या पाण्याला दार लावलंस ते शेताच्या खालच्या टोकाला? दिवा पेटला की पाणी वाहून जायचं. मालवला की इथवर तुंबून ऱ्हायचं?”

जयदेव बघतच राहिला. “तसंच. आणि दिवा चेपलाय ना, तिथं आतली तार घासून उघडी पडलीय. पाणी तिथनं झिरपायचं.”

“जोडे घालून लागत नव्हतं,” ती म्हणाली. “मला कळायला पायजे होतं.”

पाहुणे पेढे घेऊन ओटीवर बसून राहिले. जयदेवानं आधी मीटरपाशी जाऊन घराची सगळी वीज तोडली, मग तारा बदलल्या, बटण आणि फ्यूज येणाऱ्या तारेवर घेतले, दिव्यातली घासलेली तार काढून नवी ओवली. मग वीज जोडून त्यानं दिवा लावला, मालवला, दोन्ही वेळेला टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला नाही. ओल्या पायांनी त्यानं आधी स्वतः हात लावून बघितला.

“आता तू लाव, आई.”

भगवतीनं हात लावला. नुसतं पितळ. ती हात तसाच ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत रडली. नवरा दुसऱ्यांदा गेला होता, आणि ह्या खेपेला तिनंच त्याला घालवला होता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, दिवाही पुसला, आणि ओटीवरच्या बायकांना आत बोलावलं.

“पाळणा कुठं टांगायचा?” इंद्राणीनं विचारलं.

“हितंच. दिव्याखाली.”

इंद्राणी घुटमळली. “पण मामंजी...?”

“ते आता येत नाहीत,” भगवती म्हणाली. “म्हणून तर हितं टांगायचा.”